वळवाचा पाऊस व आपलें शिवार

(शेतकरी बंधुभगिनींसाठीं पाठ. गांवच्या शिक्षकांनीं सायंकाळच्या मेळ्यांत मोठ्यानें वाचावा व शेवटचे प्रश्न विचारावे.)



वैशाख तापूं लागला, कीं आपल्या नाशिक जिल्ह्यांत तिसऱ्या प्रहरीं सर्वांचे डोळे आभाळाकडे लागतात. ज्याची विहीर आटली आहे तो म्हणतो, "आज तरी येऊं दे." ज्याचा कांदा काढून वाफ्यांत पसरला आहे तो म्हणतो, "आणखी चार दिवस येऊं नको." ढग एकच, गांवही एकच, पण एकाचें बरें होतें आणि दुसऱ्याचें वर्ष बुडतें. म्हणून हा पाऊस कसा येतो, तो काय देतो, काय नेतो, आणि त्याच्यापुढें शहाण्या माणसानें कसें वागावें, हें प्रत्येक कुटुंबास ठाऊक असलें पाहिजे. ह्या पाठांत तें क्रमानें सांगितलें आहे.

१. हा पाऊस येतो कसा?

मृगाचा पाऊस समुद्रावरून मोठ्या वाऱ्याबरोबर येतो, व एकाच वेळीं शेंकडों कोसांवर पडतो. वळवाच्या पावसाची रीत निराळी आहे. तो बहुतेक आपल्याच तापलेल्या जमिनीवर तयार होतो. चैत्र-वैशाखांत मालेगांव, येवलें, नांदगांव ह्या बाजूस पारा ४० अंशांच्या वर जातो. जमीन तव्यासारखी तापते, तिला लागून असलेली हवा तापते, आणि तापलेली हवा हलकी होऊन वर चढूं लागते. चुलीवरील धूर वर जातो त्यांतलाच हा प्रकार.

केवळ उष्णता असली म्हणजे पाऊस पडत नाहीं. हवेंत ओल हवी. ही ओल अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येते. उन्हाळ्यांत हे दोन वारे आपल्या पठारावर कोठें तरी एकमेकांस भेटतात. ज्या दिवशीं ओल आलेली असते त्या दिवशीं ऊन फार नसलें तरी अंग चिकट होतें, घाम वाळत नाहीं, आणि म्हातारीं माणसें म्हणतात, "आज कांहीं तरी होणार." त्यांचें म्हणणें खरें असतें. घाम न वाळणें हीच हवेंतील ओलीची खूण आहे.

ही ओलसर हवा वर गेली कीं थंड होते, व तिच्यांतील वाफेचे बारीक थेंब होऊन ढग दिसूं लागतो. वाफेचें पाणी होतांना तिच्यांत सांठलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनें ढगांतील हवा पुन्हां तापते आणि आणखी जोरानें वर जाते. अशा रीतीनें दुपारीं कापसाच्या बोंडाएवढा दिसणारा ढग तासा-दीड तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा डोंगर बनतो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट झाला, म्हणजे पाऊस दूर नाहीं असें समजावें.

पुढें ढगांतील थेंब इतके जड होतात, कीं वर जाणारी हवा त्यांस पेलूं शकत नाहीं. ते खालीं पडूं लागतात, आणि पडतांना आपल्याबरोबर वरची थंड हवा खालीं ओढून आणतात. ही हवा जमिनीवर आपटून चोहोंकडे पसरते. पावसाआधीं जो अचानक गार व धुळीचा सोसाट्याचा वारा सुटतो, पत्रे उडवितो व झाडें मोडतो, तो हाच. हा वारा अंगाला लागला, कीं ढग आपल्या गांवावर येऊन ठेपला म्हणून समजावें. त्या वेळीं शेतांत आणखी काम उरकण्याचा मोह धरूं नये.

पुष्कळ लोक विचारतात, "शेजारच्या शिवारांत धो धो पडला, मग आमच्याकडे थेंब कां नाहीं?" ह्याचें उत्तर सोपें आहे. ह्या ढगाची रुंदी फार झालें तर कांहीं थोड्या किलोमीटरांची असते, आणि एक ढग बहुधा तासाभरांत संपून जातो. जें गांव त्याच्या खालीं सांपडलें तें भिजलें. ओढ्यापलीकडचें कोरडें राहिलें. यांत कोणा गांवाचें पुण्य नाहीं व कोणाचें पापही नाहीं.

२. गार कशी बनते?

उन्हाळ्यांतसुद्धां साडेचार-पांच किलोमीटर उंचीवर हवा इतकी थंड असते कीं पाणी गोठतें. आपला ढग तर त्याहून दुप्पट उंच असतो. ढगांतील वर जाणारा वारा बर्फाच्या कणास वरच तोलून धरतो. त्यावर गार पाण्याचे थेंब चिकटून गोठतात, आणि थरावर थर चढत जातात. गार फोडून पाहिली तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हे थर कित्येकदां दिसतात. शेवटीं ती जड होऊन खालीं येते. फाल्गुन-चैत्रांत वरची हवा अधिक थंड असते, म्हणून गारपीट त्या दिवसांत विशेष होते. मे महिन्यांत लहान गारा वाटेंतच वितळून जातात.

२०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या पुष्कळ जिल्ह्यांत गारपीट झाली. त्या वेळीं आपल्याकडील द्राक्षांचे घड वेलींवर पिकत आले होते. पुढें २६ नोव्हेंबर २०२३ रोजीं निफाड व आसपासच्या भागांत अवेळीं पाऊस व गारा पडून द्राक्षें व कांदा ह्यांचें मोठें नुकसान झालें. ह्यावरून दिसतें, कीं ढगास ओल व वरची थंडी मिळाली म्हणजे तो पंचांगांतील महिना पाहत नाहीं.

३. वीज म्हणजे काय?

ढगांत बर्फाचे हलके कण वर जात असतात व जड कण खालीं येत असतात. ते एकमेकांवर घासतात. घांसण्यानें हलक्या कणांवर एक प्रकारची विद्युत जमते व जड कणांवर उलट प्रकारची. हलके कण माथ्याकडे जातात, जड कण तळाशीं राहतात. म्हणून ढगाचा माथा व तळ ह्यांत मोठें अंतर पडतें. तें वाढतां वाढतां हवेस असह्य होतें आणि विद्युत एकदम धांवते. कधीं ती ढगांतल्या ढगांत धांवते, कधीं जमिनीकडे. ज्या वाटेनें ती जाते तेथील हवा क्षणभर सुमारें ३०,००० अंश तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पांचपट. हवा एवढी तापली म्हणजे फुटल्यासारखी पसरते; तोच गडगडाट. १७५२ सालीं अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन ह्यानें सुचविलेल्या प्रयोगानें सिद्ध झालें, कीं आकाशांतील वीज व यंत्रानें उत्पन्न केलेली वीज एकच आहे.

उजेड तत्काळ दिसतो, आवाज मात्र एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद घेतो. म्हणून वीज चमकतांच एक, दोन, तीन असें मोजूं लागावें. गडगडाट ऐकूं येईपर्यंत तीस झाले, तर वीज दहा किलोमीटरांवर आहे. हें अंतर पुष्कळ वाटेल, पण तें पुरेसें नाहीं. ढग पुढें सरकतो, आणि पुढची वीज आपल्या डोक्यावर असूं शकते. तीस किंवा त्याहून कमी मोजले गेले, कीं घर गांठावें. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास झाल्यावांचून बाहेर पडूं नये.

आपल्या देशांत विजेनें दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसें मरतात, आणि त्यांत बहुतेक शेतांत राबणारीं, गुरें राखणारीं, झाडाखालीं आसऱ्यास गेलेलीं असतात. म्हणजे हा धोका मुख्यतः आपला आहे, शहरवाल्यांचा नव्हे.

येथें एका खोट्या समजुतीविषयीं बोललें पाहिजे. जो मनुष्य जन्मतांना पायांकडून जन्मला त्यास आपण पायाळू म्हणतों, आणि पायाळूवर वीज पडते असें सांगून त्या बिचाऱ्यास पावसांत सोबतीस कोणी घेत नाहीं. तसेंच कोठें वीज पडून मनुष्य मेला, तर त्याच्या घरच्यांकडे लोक बोट दाखवितात. हें सारें निराधार आहे. वीज माणसाचा जन्म पाहत नाहीं, नीतीही पाहत नाहीं. ती उंची व वाट पाहते. उघड्या माळावर जें सर्वांत उंच, त्याकडे ती प्रथम वळते, मग तें झाड असो, खांब असो, वा उभा मनुष्य असो. ज्या घरावर असा घाला पडला त्या घरीं बोल घेऊन जाऊं नये. भाकर घेऊन जावें.

४. ह्या पावसाचा लाभ

येवलें, नांदगांव, सिन्नर ह्या पूर्वेच्या तालुक्यांत साऱ्या वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. इगतपुरीस घाटमाथ्यावर ३,००० मिलिमीटरांहून अधिक. म्हणून इगतपुरीकरास वळवाचा एक पाऊस क्षुल्लक वाटेल. येवल्याच्या शेतकऱ्यास ५० मिलिमीटरांचा एक पाऊस म्हणजे वर्षाच्या वांट्याचा सुमारें दहावा हिस्सा.

५० मिलिमीटर म्हणजे किती, हें हिशेबानें पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तें एक लिटर पाणी होतें. एका एकरांत सुमारें ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे ५० मिलिमीटर पावसानें एका एकरावर दोन लाख लिटरांहून अधिक पाणी पडतें. हें पाणी जमिनींत मुरलें तर धन. तासाभरांत वाहून गेलें तर माती घेऊन जाईल. उन्हाळ्यांत शेत उघडें असतें, पिकाची सावली नसते, आणि थेंब मोठे असतात; म्हणून सर्वांत चांगली वरची माती ह्याच पावसांत जाते. ज्यानें उताराला आडवी नांगरट केली, बांध नीट केले, शेततळ्याचा गाळ काढला, त्याचें पाणी त्याच्या घरीं राहतें. दुसऱ्याचें ओढ्यास व गोदावरीस मिळतें.

ह्याशिवाय ढेकळें फुटतात, तणें उगवून कुळवणींत मरतात, आणि चाऱ्याचे अंकुर फुटतात. विजेच्या उष्णतेनें हवेंतील नत्राचा थोडा भागही पावसाबरोबर जमिनीस मिळतो. मात्र तेवढ्यावर शेणखत टाळतां येणार नाहीं.

५. ह्या पावसाची हानि

कांद्याची गोष्ट प्रथम घेऊं, कारण लासलगांवच्या बाजाराकडे सारा देश पाहतो. उन्हाळी कांदा मार्चपासून मेपर्यंत निघतो व चाळींत भरून दिवाळीपर्यंत पुरवून विकावयाचा असतो. चाळ हीच आपली पेढी. परंतु ओला कांदा चाळींत गेला, तर आंतून सडतो, काळी बुरशी धरतो, आणि शेजारच्या चांगल्या कांद्यासही बिघडवितो. २०२५ सालीं मेच्या पहिल्या आठवड्यापासून पाऊस लागला. आणि मोसमी पाऊस केरळांत २४ मे रोजीं व दक्षिण कोंकणांत २५ मे रोजीं पोहोंचला. केरळांत तो साधारण १ जूनला येतो. त्या महिन्यांत शेतांत पडलेला कांदा मोठ्या प्रमाणावर भिजला.

म्हणून पुढील नियम पाळावे. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधीं पाणी तोडावें. निम्म्या झाडांच्या माना पडल्या कीं काढणी करावी. जेवढा कांदा तीन-चार दिवसांत वाळवून उचलतां येईल तेवढाच एका वेळीं काढावा. साऱ्या शेताचा एकदम काढूं नये. पातीनें झांकून वाळवावा, मान एक ते दीड इंच ठेवून कापावा, मग सावलींत दहा-बारा दिवस सुकवावा. ताडपत्री जवळ असावी; पण पाऊस थांबतांच ती काढावी, नाहीं तर आंत घाम सुटून कांदा अधिक बिघडतो. भिजलेला कांदा निराळा ठेवून आधीं विकावा. सुक्यांत मिसळूं नये. चाळीभोंवतीं चर खणावा.

द्राक्षांचा विचार निराळा आहे. एप्रिलमध्यें खरड छाटणी होते, व मे-जूनमध्यें नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड ठरतात. त्या वेळीं स्वच्छ ऊन लागतें. बहुत दिवस ढगाळ राहिलें तर डोळ्यांत घड कमी धरतात, आणि गारेनें काडी जखमी झाली तर तिचें फळ पुढच्या माघांत दिसत नाहीं. म्हणून मे महिन्याच्या वादळाची किंमत बागाईतदार आठ-नऊ महिन्यांनीं मोजतो. काडी जखमी झाली असतां लगेच जाणत्या माणसास दाखवून औषध करावें.

आणखी एक हानि आपल्या घाईनें होते. वळवाच्या एका जोरदार पावसानें वरची माती ओली होते. कोणी उतावळा पाभर जुंपतो. मग दहा-बारा दिवस ऊन पडतें आणि उगवलेलें करपतें. दुबार पेरणीचें बियाणें कर्जानें आणावें लागतें. कृषि खात्याचा सल्ला असा, कीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत खोल ओल गेल्यावांचून पेरूं नये. खुरप्यानें वीतभर खणून पाहावें. खालीं कोरडें लागलें तर थांबावें. शेजाऱ्यानें पेरलें हें पेरणीचें कारण नव्हे.

६. वादळांत जीव कसा राखावा

(१) भारतीय हवामान खातें, जें १८७५ सालीं स्थापन झालें, रंगानें इशारा देतें. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे तत्काळ उपाय करा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें "दामिनी" नांवाचें साधन मोबाईलवर मिळतें; तें आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास सूचना देतें. प्रत्येक वस्तीवर एका तरी तरुणानें तें ठेवावें व इतरांस हांक मारावी.

(२) एकट्या झाडाखालीं कधींही उभें राहूं नये. आंबा व बाभूळ पावसापासून वांचवितील, विजेपासून नाहीं.

(३) द्राक्षाच्या मांडवांतून ताबडतोब बाहेर यावें. मांडव लोखंडी अँगल व तारांचा असतो. एका टोकास पडलेली वीज तारेनें दुसऱ्या टोकास जाते. कुंपणाच्या तारेसही तोच नियम.

(४) विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर वादळांत हातीं धरूं नये. घरांत नळ, तारा व भिंतींतील वायरी ह्यांपासून दूर बसावें. मोबाईल हातीं असल्यानें वीज ओढली जात नाहीं; परंतु तो चार्जरला लावून बोलणें धोक्याचें आहे.

(५) पक्कें घर, शाळा किंवा बंद पत्र्याची मोटार चांगला आसरा होय. उघडी चाळ व कुडाची झोंपडी नव्हे.

(६) उघड्यावर सांपडल्यास पाय जुळवून उकिडवें बसावें, डोकें खालीं घालावें, कान झांकावे. आडवें पडूं नये. वीज पडली म्हणजे जमिनींतून चोहोंकडे पसरते, व दोन पायांत जितकें अंतर तितका धक्का मोठा. गाई-बैलांचे पुढचे व मागचे पाय दूर असतात, म्हणून तीं अधिक मरतात. गुरें झाडास बांधूं नयेत.

(७) विजेचा तडाखा बसलेल्यास स्पर्श केल्यानें आपणांस धक्का बसत नाहीं. त्याच्या अंगांत वीज राहत नाहीं. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें लोक दूर उभे राहतात आणि वांचणारा मरतो. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनीं जोरानें, मिनिटास शंभराहून थोड्या अधिक वेळां, दाबावें आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. कोणी शेणांत पुरण्यास सांगेल तर ऐकूं नये.

७. नुकसान झाल्यावर

पीक, घर किंवा जनावर गेलें तर त्याच दिवशीं तलाठ्यास कळवावें. त्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पंचनामा होईपर्यंत मेलेलें जनावर हलवूं नये, आणि पिकाचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. मनुष्य दगावला तर पोलिसांत खबर देऊन शवचिकित्सा करवावी. दुःखाच्या भरांत कागद राहिला तर सरकारी मदत विधवेपर्यंत पोहोंचण्यास अडचण पडते. ज्यांस लिहितां-वाचतां येतें त्यांनीं अशा वेळीं अर्ज लिहून द्यावा. गांवांतील शिक्षकाचें हें काम आहे, व तें कोणी सांगण्याची वाट पाहूं नये.

हवा जसजशी तापते तसतशी ती अधिक वाफ धरते. एका अंशास सुमारें सात टक्के. जग तापत चाललें आहे, म्हणून एका दमांत पडणारे जोरदार पाऊस वाढण्याचा संभव आहे. ढग थांबविणें आपल्या हातीं नाहीं. बांध बांधणें, चाळ झांकणें, वेळीं घर गांठणें आणि पेरणीस धीर धरणें हें आपल्या हातीं आहे.

विचारण्याचे प्रश्न

१. घाम न वाळणें ही कशाची खूण आहे?
२. एकाच दिवशीं एक शिवार भिजतें व शेजारचें कोरडें राहतें, तें कां?
३. वीज चमकल्यावर पंधरा मोजतांना गडगडाट झाला, तर वीज किती दूर आहे? आपण काय करावें?
४. पायाळूविषयींची समजूत खोटी कां?
५. २० मिलिमीटर पावसानें एका एकरावर किती लिटर पाणी पडेल?
६. आपल्या गांवांत वादळाच्या वेळीं आसऱ्यास योग्य अशीं किती पक्कीं ठिकाणें आहेत? शेतांतून तेथें पोहोंचण्यास किती वेळ लागतो?

सहाव्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत मिळणार नाहीं. तें मंडळींतील चार माणसांनीं शिवारांत चालून, ह्या आठवड्यांतच काढावें, आणि जेथें आसरा फार दूर आहे त्या वस्तीवरील लोकांस तें आधीं सांगावें.